वैमानिकांच्या संघटनांनी 2020 मध्ये पगारकपातीला लगेच होकार का दिला नाही?

आपण विचारले आहे की, 2020 मध्ये प्रवासी आटल्यावर अमेरिकेतील विमान कंपन्यांनी ‘करारात सवलती द्या, नाहीतर कनिष्ठांना घरी बसवावे लागेल’ असे सांगितले, तेव्हा वैमानिकांच्या संघटना महिनोन्महिने घासाघीस का करत राहिल्या आणि ज्येष्ठांना आपल्या कनिष्ठ सहकाऱ्यांची पर्वा नव्हती का. मी तिथल्या एका विमान कंपनीत वैमानिकांच्या ड्यूट्यांचे नियोजन करणाऱ्या विभागात बरीच वर्षे काम केले आहे. माझे मत स्पष्ट आहे: पर्वा होती, पण दिलेली सवलत परत कशी मिळवायची हे आधी लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही, हा धडा या लोकांनी फार मोठी किंमत मोजून घेतलेला होता.

डेल्टाचेच उदाहरण घ्या. कंपनी दिवाळखोरीत जाऊ नये म्हणून तिच्या वैमानिकांनी 2004 च्या अखेरीस 32.5 टक्के पगारकपात मतदानाने मान्य केली आणि वर्षाला सुमारे 100 कोटी डॉलर सोडून दिले. तरीही सप्टेंबर 2005 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलाच, 2006 मध्ये आणखी 14 टक्के कपात झाली आणि वैमानिकांची निवृत्तिवेतन योजनाही त्याच वर्षी बंद पडली. अमेरिकन एअरलाइन्समध्ये 2003 साली कामगार संघटना मोठ्या सवलतींवर मतदान करत असताना वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी बोनस आणि निवृत्तिवेतनाची वेगळी तजवीज केल्याचे उघड झाले आणि मुख्याधिकारी डॉन कार्टी यांना पद सोडावे लागले. 2020 मध्ये ज्येष्ठ असलेले अनेक वैमानिक त्या काळात कनिष्ठ होते; काहींनी तर फर्लोही भोगला होता.

फर्लो म्हणजे बिनपगारी घरी बसणे. ज्येष्ठता यादीतील जागा आणि परत बोलावले जाण्याचा हक्क शिल्लक राहतो, पण घर चालवण्याची सोय ज्याची त्याने करायची. यादी भरतीच्या तारखेवर चालते आणि कपात तळापासून होते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला कंपनीचे गणित सोपे वाटते. प्रत्यक्षात ते तसे नसते, कारण तळाचे वैमानिक लहान विमानांवर सहवैमानिक असतात आणि कमी झालेले काम बहुतेक वेळा मोठ्या विमानांवरचे असते. डेल्टाने 2020 मध्ये आपली सर्व 18 बोइंग 777 विमाने सेवेतून काढली. अशा वेळी त्या विमानांचे कॅप्टन ज्येष्ठतेच्या बळावर दुसऱ्या विमानाची जागा घेतात, तिथून हटलेले खालच्या जागी सरकतात, आणि काही कॅप्टन पुन्हा उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीवर येतात. विमान बदलणाऱ्या प्रत्येकाला काही आठवडे वर्ग आणि सिम्युलेटर करावे लागते, आणि तोपर्यंत तो पूर्ण पगारावर असूनही प्रवासी उड्डाण करू शकत नाही. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर हातातल्या विमानाचीही पात्रता थांबते, तो भाग निराळाच. म्हणजे फर्लो कंपनीलाही महाग पडतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर संघटनेच्या हातात असलेला हा फार मोठा मुद्दा होता.

म्हणून आधी ऐच्छिक मार्ग वापरले गेले: लवकर निवृत्ती, दीर्घ रजा, कमी उड्डाणांचे महिने. डेल्टात 1,700 हून अधिक वैमानिकांनी लवकर निवृत्ती घेतली, तरी कंपनीच्या हिशेबाने ऑगस्टमध्ये 1,941 वैमानिक जास्तच होते. व्यवस्थापनाने हमीच्या किमान वेतनात, म्हणजे उड्डाणे कमी असली तरी दरमहा ठरावीक तासांचा जो पगार मिळतोच त्यात, 15 टक्के कपात मागितली होती. अखेर ठरले ते वेगळे: हमीच्या तासांत जास्तीत जास्त 5 टक्के कपात, आणि त्या बदल्यात 1 जानेवारी 2022 पर्यंत एकाही वैमानिकाला फर्लो नाही. तासाचा दर तसाच राहिला. नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी याला मान्यता दिली. युनायटेडमध्येही हमीचे तास कमी करून जवळजवळ 2,850 नोकऱ्या वाचवल्या गेल्या. तिथे मात्र बाजूने 58 टक्केच मते पडली. विरोधात मत देणाऱ्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही. मागच्या वेळी काय झाले हे त्यांच्या लक्षात होते, इतकेच.

तास आणि दर यांतला हा फरक माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. काम परतले की तास आपोआप भरतात. दर एकदा खाली आला की पुढच्या करारात तोच पाया धरला जातो आणि तो वर आणायला अनेक वर्षे जातात. साउथवेस्टने 2020 च्या अखेरीस संघटनांकडे 10 टक्के कपात मागितली आणि 6,828 कर्मचाऱ्यांना, त्यांत 1,221 वैमानिकांना, फर्लोच्या सूचना पाठवल्या. डिसेंबरमध्ये सरकारी वेतनसाहाय्य पुन्हा मिळाले आणि त्या सूचना मागे घेतल्या गेल्या. तिथे संघटना घाबरून दरावर तडजोड करून बसल्या असत्या तर ती रक्कम पुढे कितीतरी वर्षे पगारातून जात राहिली असती.

सरकारी मदतीशिवाय हे सारे इतके सुरळीत पार पडले नसते, हेही मान्य केले पाहिजे. आणि लवकर निवृत्तीचा मार्ग माणुसकीचा असला तरी त्याची झळ नंतर बसलीच: 2022 च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले तेव्हा उड्डाणे जास्त आणि प्रशिक्षित वैमानिक कमी अशी स्थिती झाली, आणि डेल्टाचे वैमानिक कामाच्या ताणाविरुद्ध विमानतळांवर फलक घेऊन उभे राहिले. पुढे मार्च 2023 मध्ये त्यांनी मंजूर केलेल्या करारात चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ होती, आणि ती 2020 मध्ये हात न लावलेल्या दरांवर मोजली गेली. ज्या कनिष्ठांसाठी ज्येष्ठांनी तास सोडले होते, त्यांनाही ती वाढ मिळाली.