ब्रॅम्ली सफरचंद पिकल्यावर गोड होतं का? झाड ठेवावं की काढावं?

परसातलं झाड ब्रॅम्लीचं आहे असं शेजारी सांगतात, पण ऑक्टोबर आला तरी फळ आंबटढाणच आहे, तर ते काढून गोड जातीचं लावावं का, असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. आणि गोड होण्याची वाटही पाहू नका. हा वाण नुसता खायचा नाहीच, शिजवायचा आहे. यात साखर कमी आणि मॅलिक आम्ल भरपूर, म्हणून शिजवल्यावरही चव टिकते. गोड सफरचंद शिजवलं की पचपचीत लागतं, फोडीही तशाच राहतात. ब्रॅम्लीच्या फोडी मात्र चमचाभर पाण्यात झाकण ठेवून शिजवा, काही मिनिटांत फुलून हलका, फेसाळ गर होतो. इंग्रजांना ॲपल पाय (पिठाच्या पारीत फळ भरून भाजलेला पदार्थ) आणि क्रंबल (फळावर पीठ-लोण्याचा चुरा पसरून भाजलेला पदार्थ) करायला हेच का लागतं, ते तेव्हा कळतं.

मी तर त्याला कैरीच मानते. किसून, कांदा, गूळ, तिखट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली की तक्कू झकास होतो. फक्त किसल्याबरोबर मीठ लावा, नाहीतर कीस तांबूस पडतो. मेथांबा करताना गुळाचा पाक आधी आणि फोडी शेवटी. उलट केलंत तर जॅम होईल (तोही वाईट लागत नाही म्हणा).

या वाणाचा जन्म इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या साउथवेल गावचा. 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफोर्ड या मुलीने बी पेरलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं. 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमासाठी काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीची अट एकच, नाव माझं लागलं पाहिजे. पेरणारीचं नाव राहिलं बाजूला. मूळ झाड 1900 च्या सुमारास वादळात पडलं, तरी पुन्हा फुटलं. आजची सगळी ब्रॅम्ली कलमानेच त्या एका झाडापासून आलेली, तुमचंही.

फळं आता उतरवा. देठाशी धरून हलकेच वर उचलून पिळलं की सुटतं. डाग नसलेली तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. फेब्रुवारीपर्यंत सहज टिकतात. साल तेलकट लागली तर घाबरू नका, साठवणीत तसं होतंच. सालीखाली तपकिरी ठिपके असतील तर ती कीड नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं.

हिवाळ्यात छाटणी करताना सगळे शेंडे उडवू नका, या झाडाला बरीच फळं शेंड्यांवर धरतात.

गोड सफरचंद हवंच असेल आणि जागा असेल तर शेजारी लावा. पण ब्रॅम्लीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याचे पराग जवळपास निकामी असतात. नव्या झाडाला परागासाठी सफरचंदाचं तिसरं एखादं झाड आसपास लागेल, तेव्हा आधी शेजाऱ्यांच्या बागांत डोकावून या.