बालवर्गातल्या मुलांना ‘लास मेनिनास’ हे चित्र कसं दाखवावं? रंगवायला छापील आकृती द्यावी का?

छापील आकृती नका देऊ. रेषेच्या आत रंग भरण्यात मुलांचा वेळ जातो आणि चित्र बघायचंच राहून जातं. मी लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते, आणि राजघराण्यातलं चित्र दाखवायचं म्हटलं की स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचं हेच चित्र आधी काढते. कारण सोपं आहे: १६५६ साली हे चित्र झालं तेव्हा मधोमध उभी असलेली राजकन्या मार्गारिता पाच वर्षांची होती. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलांएवढीच.

राजा कोण, देश कुठला, हे सगळं नंतर सांगा. सुरुवात कुत्र्यापासून करा. एकाने त्याच्या पाठीवर पाय ठेवलाय, तरी तो ढिम्म हलत नाही, यावर मुलं भरपूर बोलतात. मग माणसं मोजायला लावा. कुत्रा सोडून ११ भरतात, पण मागच्या दारातल्या पायऱ्यांवरचा माणूस आणि आरशातले राजाराणी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. ते सापडले की वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्या.

मूळ चित्र ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद आहे. तेवढा चौकोन खडूने जमिनीवर आखा आणि सगळ्यांना आत बसवा. ‘मोठं चित्र’ असं नुसतं सांगून त्यांना काही कळत नाही. मग त्याच चौकोनात चित्र उभं करा: एक राजकन्या, एक गुडघ्यावर बसून तांबडा मातीचा पेला पुढे करणारी, एक हातात ब्रश धरलेला चित्रकार. कुत्रा व्हायला रांग लागते. राजकन्येच्या कमरेभोवती हुला हूप धरून वर ओढणी टाका आणि तिला दारातून जायला सांगा. चित्रातल्या राजकन्येचा तो घेरदार झगा अंगावर वागवणं काय असेल हे वेगळं समजवावं लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग यानंतरचा. चित्रात डावीकडे एक भला मोठा कॅनव्हास आहे, पण आपल्याला दिसते फक्त त्याची मागची बाजू. त्यावर चित्रकार काय काढतोय? प्रत्येकाला कागद द्या आणि तेच काढू द्या. राजाराणी, राजकन्या, कुत्रा, काहीही चालेल. अभ्यासकांचंही यावर अजून एकमत नाही, त्यामुळे कुणाचं चूक ठरवायची गरज नाही.

रंगकाम वेगळ्या दिवशी ठेवा. काळ्या कार्डशीटवर पांढरा, राखाडी, गुलाबी पोस्टर कलर इअरबडने ठिपक्या-ठिपक्यांनी लावून झगा करायला सांगा. मूळ चित्रातली झालर जवळून बघितली तर नुसते फटकारे दिसतात, लांबून झालर दिसते. मुलांनाही आपापलं चित्र भिंतीला लावून मागे सरकून बघू द्या.

उजवीकडे उभी असलेली मारी बार्बोला बघून एखादं मूल हसेल. ती ठेंगणी आहे, पण लहान मुलगी नाही, मोठी बाई आहे, एवढं सरळ सांगा आणि पुढे चला. त्या काळी करमणुकीसाठी अशा माणसांना दरबारात ठेवत, ही गोष्ट जरा मोठ्या मुलांशी बोलायची.

शेवटी वाटलं तर पिकासो दाखवा. त्याने १९५७ मध्ये याच चित्रावरून अख्खी मालिका रंगवली आणि त्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी स्वतःचा छोटा कुत्रा बसवला. हे आधी दाखवलं तर मात्र मुलं त्याचीच नक्कल करतात.

आणि हो, मूळ चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे; त्यांच्या संकेतस्थळावर चित्राची चांगली मोठी प्रत आहे, ती प्रोजेक्टरवर लावा. साध्या प्रिंटरवर काढाल तर वरचा अर्धा भाग नुसता काळा येतो आणि दारातला माणूस सापडणं अवघड होतं.