राजदूतची टाकी: आधी गंज काढा, कोटिंगचं नंतर बघू

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांची राजदूत मोटारसायकल चोपड्याच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली बारा वर्षं उभी होती. आता टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला की तांबडा गाळ येतो, कार्बोरेटर सारखा चोकअप होतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘ॲसिड मारू, आतून कोटिंग करून देऊ.’ माझं सरळ म्हणणं असं: ॲसिड कोणतं ते आधी विचारा, आणि कोटिंगला तूर्तास नाही म्हणा.

कोटिंग हा गंजावरचा इलाज नाही, तो भोकावरचा इलाज आहे. टाकी गळत नसेल तर गंज काढा, वाळवा, पेट्रोल भरा आणि गाडी चालवा, बस. कोटिंग नीट धरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण तेलकट किंवा दमट पत्र्यावर मारलं तर पापुद्रे सुटतात. ते कॉकच्या चाळणीत अडकतात, आणि मग अख्खं कोटिंग कडक सॉल्व्हंटने सोडवून काढावं लागतं. त्या उद्योगापेक्षा गंज परवडला.

तर आधी तपासणी. कॉक काढा, तोंडातून बारीक टॉर्च आत सोडा. राजदूतची टाकी चेसीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे खाली दोन बाजूंना दोन कप्पे होतात. कॉक ज्या बाजूला नाही, तिथलं पाणी कधीच बाहेर पडत नाही, म्हणून सगळ्यात जास्त सडलेला पत्रा तिथेच सापडतो. बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बदबद वाजतो. गंज काढल्यावर टाकी गळायला लागली की लोक म्हणतात ॲसिडने भोक पाडलं. भोक आधीचंच असतं, गंजाचा खडा त्यात बुचासारखा बसलेला असतो.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. राजदूत, जुनी येझदी या टू-स्ट्रोक गाड्या, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. इतकी वर्षं सुकलेल्या त्या मिश्रणाचा चिकट तपकिरी थर गंजावर बसलेला असतो आणि त्याच्यावर कुठलंही ॲसिड चालत नाही. म्हणून पहिली धुलाई पेंटच्या दुकानातल्या एनसी थिनरने, तीही उघड्यावर, बिडी-काडी लांब ठेवून. थिनर पूर्ण उडून गेल्यावर कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचं साबण घालून दोनदा खळखळून घ्या. आत पाणी ओतल्यावर ते थेंब-थेंब धरून राहिलं तर तेल अजून आहे. सपाट पसरलं तर पुढे जा.

जाड पोपडे असतील तर आत पातळ साखळी सोडा आणि टाकी गोधडीत गुंडाळून हलवा. काहीजण नट-बोल्ट टाकतात आणि नंतर एखादा नट आतच राहतो. साखळीला तार बांधली की ओढून निघते. खडी तर मुळीच नको.

फरशी-संडासचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. गंज झटक्यात काढतं हे खरं, पण चांगला पत्राही खातं, सांध्यांत त्याचा क्षार राहतो आणि गंज परत येतो. शिवाय त्याच्या वाफेने शेडमधले पाने-पक्कड, सायकलची चेन सगळं लाल होतं. त्यापेक्षा किराणा दुकानातून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड घ्या. लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. कॉकच्या जागी रबर लावून पट्टी घट्ट बसवा, रंगावर ओघळ येऊ नये म्हणून तोंडाभोवती ग्रीस आणि टेप लावा, आणि टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरली तर वरचा गंज तसाच राहतो. झाकण घट्ट लावू नका. आत बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे, आगीपासून लांब. रात्रभर ठेवून सकाळी टॉर्चने बघा. पत्रा राखाडी दिसला की काढा, उगाच दोन-तीन दिवस मुरवत ठेवू नका.

खरी घाई इथून पुढे. ॲसिडचं पाणी ओतून दिल्याबरोबर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, फेस येईल, येऊ द्या. फेस थांबला की साध्या पाण्याने. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणून शेवटची धुलाई आरओच्या जारच्या पाण्याने करा. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत नारिंगी पडतो, तेव्हा पाणी निथळताच थोडं डिनेचर्ड स्पिरिट आत फिरवून ओतून द्या, ते उरलेलं पाणी सोबत घेऊन जातं. मग टाकी उन्हात पालथी ठेवा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. स्पिरिट आत असताना हेअर ड्रायर किंवा हीट गन लावायची नाही. वाळली की लगेच पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल घालून सगळीकडे फिरवून घ्या.

गळती निघालीच तर? सुईएवढी एक-दोन भोकं असतील तर कोटिंग चालेल. पत्रा बोटाने दबत असेल तर आधी तो तुकडा बदलून ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडकाम, मग कोटिंग. बाहेरून एम-सील म्हणजे गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं. आणि ब्रेझिंगवाल्याकडे टाकी ‘रिकामी आहे’ म्हणून नेऊ नका. पेट्रोलच्या वाफेने भरलेली रिकामी टाकी स्फोट पावते, आतून नीट धुवून घ्या आणि जोडायच्या जागेखालपर्यंत पाणी भरूनच काम करा.

कोटिंग घेताना डब्यावर इथेनॉल चालतं असं स्पष्ट लिहिलेलं बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि साधं इपॉक्सी त्यात हळूहळू मऊ पडतं. दोन डब्यांचं मिश्रण उन्हाळ्यात भराभर घट्ट होतं, दुपारी काम काढलंत तर डब्यातच दगड होईल, पहाटेच उरका. आत ओतून टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा आणि उरलेलं पूर्ण निथळू द्या. कोपऱ्यात डबकं साचलं तर ते तिथेच तडकतं. कॉकचे आटे ओलं असतानाच पुसून घ्या. पेट्रोल भरण्याआधी डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण जाऊ द्या, चार दिवस म्हटलं तर चार.

राहिलं इथेनॉलचं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आत ऑइल फिरवून ठेवा, अर्धी भरलेली नको. कॉकचे रबर वायसर नवे टाका, जुने या पेट्रोलमध्ये फुगतात. टाकीतून काढलेलं जुनं पेट्रोल आणि थिनर विहिरीच्या किंवा गोठ्याच्या बाजूला ओतू नका. टाकीचा आतला फोटो टॉर्च लावून काढून पाठवा, भोकांचं बघून सांगतो.