सर्पगंधा या औषधी वनस्पतीतलं रेसरपिन पूर्वी कशासाठी देत असत? आता डॉक्टर ते का लिहून देत नाहीत?

मुख्यतः उच्च रक्तदाब आणि तीव्र मानसिक आजार यांसाठी. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार साप चावल्यावर, झोप येत नसेल तर आणि भ्रमिष्ट रुग्णाला शांत करायला देत आले. सर्पदंशावर त्याचा भरवसा धरू नका, पण शांत करण्याच्या गुणात खरंच तथ्य निघालं.

१९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो हे नोंदवलं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांना त्याची दखल घ्यायला लावली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. इतकं मोठं काम आपल्या शहरात झालं, तरी त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातून रेसरपिन वेगळं काढलं.

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिन, सेरोटोनिन, डोपामिन ही संदेश पोहोचवणारी रसायनं बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. रेसरपिन ती साठवणच बंद पाडतं. साठा संपला की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, मन शांत होतं. दुष्परिणामही त्यातूनच येतात: नाक चोंदणं, सुस्ती, काहींना नैराश्य. पुढे जास्त सुसह्य गोळ्या आल्या आणि हे मागे पडलं.

मुळाची पूड मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. प्रत्येक मुळात अल्कलॉइडचं, म्हणजे शरीरावर परिणाम करणाऱ्या नैसर्गिक रसायनांचं, प्रमाण वेगळं असतं.