अठराच्या हँडिकॅपने बेथपेज ब्लॅक झेपेल का?

तुम्ही खारघरला गोल्फ खेळता, हँडिकॅप 18 (म्हणजे फेरीत पारपेक्षा, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, साधारण अठरा जास्त), जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला चाललाय आणि बेथपेज ब्लॅक या गोल्फ कोर्ससाठी कोणते क्लब (गोल्फच्या काठ्या) न्यावेत असं विचारताय. क्लबांचं शेवटी बघू. आधी पाय आणि पाठ बघा.

1936 सालचा हा कोर्स न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी पार्कात आहे. मेंबरशिप लागत नाही, पैसे भरले की कोणीही खेळावं. पहिल्या टीजवळ (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, पुढे-मागे अशा अनेक असतात) पाटी आहे की कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच यावं. लोक तिच्याशेजारी फोटो काढतात आणि मागच्या टीवर जातात, हा शुद्ध मूर्खपणा. मागून 7,400 यार्डांच्या वर भरतो. 2002 च्या यूएस ओपनमध्ये चार दिवसांनंतर पारच्या खाली एकटा टायगर वूड्स होता. पांढऱ्या टीवरूनही साडेसहा हजारांच्या वर जातोच, आपल्याला तेवढा पुष्कळ झाला.

मुलगा न्यू जर्सीत असल्याचा बुकिंगला काडीचा उपयोग नाही. आधी बुकिंग आणि कमी दर न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना. सोमवार धरू नका, ब्लॅक बंद असतो.

बग्गी (गोल्फची छोटी गाडी) नाही, चालायचंच. आपल्याकडे बॅग कॅडीच्या खांद्यावर, बॉल तोच शोधणार, पुटची (भोकाकडे घरंगळत नेणाऱ्या फटक्याची) लाइनही तोच सांगणार. तिथे आधी ठरवला नसेल तर कॅडी नाही. बारा-तेरा किलोची बॅग पाच तास चढ-उतारावर वाहिलीत तर बाराव्या होलला स्विंग उरत नाही. स्टँड बॅग, सहा बॉल, पाणी, छत्री, बस. सात-आठ किलोच्या वर नको.

आता चढ. पंधरावा होल घ्या. ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) फेअरवेपासून (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यापासून) साधारण 50 फूट वर, म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवर. पन्नास फूट म्हणजे सोळा-सतरा यार्ड. दीडशेचा फटका एकशे सदुसष्टचा धरायचा, म्हणजे दीड क्लब जास्त (नंबर जितका लहान, तितका क्लब लांब मारतो). त्यात तुम्ही स्वतः चढावर उभे असाल तर क्लबफेसचा (बॉलला लागणाऱ्या तोंडाचा) लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, वाढतो, बॉल उंच जातो आणि आखूड पडतो. झाले दोन क्लब. आणि इथेच मराठी माणसाचा (बाकीच्यांचाही, पण आमच्या चौकडीचा जास्त) अहंकार आडवा येतो: "दीडशेला मी सात नंबरच मारतो!" मारा. बॉल पुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) किंवा उताराच्या गवतात, आणि तिथून पुढचा फटका आणखी वाईट लायवर (बॉल पडलेल्या जागेवर). पाच नंबर काढायला लाज कसली? ग्रीनवर पोचल्यावर कोणता क्लब होता हे कोणी विचारत नाही. आमच्यातले एक काका हे वाचतील, म्हणून पुन्हा लिहितो: पाच नंबर, काका.

उभं राहताना खांदे उताराला समांतर, वजन मागच्या पायावर घसरू द्यायचं नाही, आणि निशाणा थोडा उजवीकडे, कारण चढावरून बॉल डावीकडे ओढला जातो. उतारावर सगळं उलटं: बॉल उजव्या पायाकडे, लॉफ्ट कमी होतो, बॉल बुटका जातो आणि उजवीकडे सरकतो. बॉल पायांपेक्षा वर असेल तर ग्रिप इंचभर खाली धरा. रेंजवरच्या सपाट मॅटवर हे येणार नाही. डाव्या पायाखाली घरातला पाट ठेवून अर्ध्या ताकदीचे तीस-चाळीस फटके रोज मारा.

रफ (फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत) आपल्या हरळीसारखा नाही. ओलसर, लांब गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि फेस बंद करतं. पाच नंबर काढा म्हणालो ते फेअरवेवरून. रफमधून नऊ नंबर किंवा वेज (जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) घ्या आणि मुकाट फेअरवेवर या. चौथ्या होलचा दुसरा फटका भल्यामोठ्या तिरक्या बंकरवरून वरच्या टप्प्यावर टाकायचा असतो. ड्राइव्ह रफमध्ये गेला असेल तर बंकरच्या अलीकडेच थांबा. बंकरमध्ये गेलातच तर काठ उंच आहेत. फेस आधी उघडा, मग ग्रिप धरा, बॉलच्या दोन इंच मागे वाळूत शिरा. पहिल्या फटक्यात बाहेर येणं एवढंच ध्येय. झेंडा विसरा.

क्लब: ड्रायव्हर, पाच वूड, पाच नंबरचा हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब; वर म्हटलेला पाच नंबर हाच), सहा ते नऊ, पिचिंग वेज, बारा अंश किंवा जास्त बाउन्सचा (बाउन्स म्हणजे क्लबला वाळूत रुतू न देणारा तळाचा कोन) 56 अंशांचा वेज, पटर. दहा झाले. हरळीच्या कडक जमिनीसाठी घेतलेला कमी बाउन्सचा वेज वाळूत रुततो, तो घरीच ठेवा.

एक राहिलं. पंधराव्याचं ग्रीन पुढे झुकलेलं आहे, त्यामुळे जास्तीच्या क्लबने झेंड्याच्या मागे गेलात तर उताराचा पुट भयंकर वेगाने धावतो, तीन पुट सहज होतात. तरी आखूड पडण्यापेक्षा ते बरं, या मतावर मी ठाम आहे. आणि वरच्या डाव्या-उजव्या बाजू उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत; डावखुरे असाल तर सगळं फिरवून वाचा, पाटासकट.