गाडीच्या पोटाखालचे कवच निवडताना

सुरुवातीलाच संपूर्ण तळ झाकण्याचा मोह टाळावा. आधी गाडीखाली वाकून ऑइल संप (इंजिनाचे ऑइल साठवणारे खालचे भांडे), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) आणि इंधनाची टाकी यांपैकी सर्वांत खाली काय लोंबते ते पाहावे आणि तेवढेच झाकावे. खडकाळ वाटेसाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण ॲल्युमिनियम त्याच जाडीला सुमारे एक तृतीयांश वजनाचे असले, तरी ते मऊ असल्याने दगडावर घसरण्याऐवजी अडकते.

नवखे लोक जाडीच मोजत बसतात (मीही तेच केले होते) आणि पत्रा गाडीच्या कोणत्या भागाला बांधला आहे ते पाहतच नाहीत. तो चासीलाच बोल्टने घट्ट बसलेला हवा. ऑइल बदलण्यासाठी छिद्र आहे ना, हेही तपासावे. चिखलातून आल्यावर आतला गाळ धुवावा.