बाहेरचा वायरमन आणताना

सावंतवाडीत बंगल्याच्या वायरिंगचं काम घेतलंस, झकास. पण बांद्यापलीकडून, गोव्यातनं वायरमन आणणार असशील तर आधी त्याचा परवाना हातात घेऊन बघ: फोटो, मुदत आणि मुख्य म्हणजे दिलाय कुठल्या राज्याने. केंद्राच्या 2023 च्या विद्युत सुरक्षा विनियमांनुसार परवाना राज्य सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला लागतो. तिकडचा कागद इथे आपोआप चालेल असं धरू नकोस. विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात विचार, उत्तर लेखी घे. तोवर त्याला होल्डर, पंखे, स्विच बदलायला लाव, तेवढ्या कामाला परवान्याची सूट आहे. नव्या वायरिंगला लायसनवाला ठेकेदार आणि जागेवर सुपरवायझर हवाच. आणि आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे, पोरं तेच पुढे करतात! टेस्ट रिपोर्टवर सही ठेकेदार म्हणून तुझी जाणार, त्याची नाही.